चांदमारीतले रणगाडे

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका परिचितांचा फोन आला. म्हणाले, "भंगारावर व्याख्यान देताय म्हणे?" मी म्हटलं, हो, भंगारावरच. फक्त हे भंगार चाळीस-पन्नास टनांचं आहे, ते उघड्या माळावर उभं आहे आणि त्याच्यावर गेली कित्येक दशकं रोज गोळे मारले जातायत. [श्रोत्यांमध्ये हशा]

आपल्याकडे नेमबाजीच्या सरावाला आणि जिथं तो चालतो त्या जागेलाही जुना शब्द आहे, चांदमारी. पांढरा गोल म्हणजे चांद, तो टिपायचा. शहरं वाढली, चांदमाऱ्या बाहेर गेल्या, पण नावं राहिली. पुण्यात गोळीबार मैदान आहे, मुंबईत सांताक्रूझला गोळीबार आहे. तिथं राहणाऱ्या कितीजणांना आपण कशावर राहतो हे माहीत असेल, शंका आहे. असो. बंदुकीच्या चांदमारीला फार काही लागत नाही. मातीचा उंच बांध आणि पुढं कापडाचं किंवा फळीचं निशाण, एवढ्यावर भागतं. रणगाड्याच्या तोफेला ते पुरत नाही. गोळा चिलखत भेदतो की नाही हे बघायचं तर समोर चिलखतच हवं. आणि सैन्याकडं फुकटात मिळणारं चिलखत कोणतं? निवृत्त झालेले रणगाडे. इंजिन काढायचं, तेल, इंधन, दारूगोळा काढायचा, उरलेला सांगाडा ओढत नेऊन माळावर ठेवायचा. जगातल्या बहुतेक सैन्यांनी हे केलेलं आहे, अजून करतात.

आता मुद्द्यावर येण्याआधी एक आडवाट. 'रणगाडा' हा शब्द आपला छानच आहे, ऐकला की वस्तू दिसते. इंग्रजीतल्या 'टँक'चं तसं नाही. 1915-16 मध्ये इंग्लंडात लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यात ही यंत्रं गुपचूप तयार होत होती. बाहेर सांगितलं जायचं की मेसोपोटेमियातल्या सैन्यासाठी पाण्याच्या टाक्या चालल्यात. ते खोटं नाव पुढं कायमचं चिकटलं. गंमत पुढंच आहे. इंग्रजी कोशकार या 'टँक' शब्दाचं मूळ शोधत जातात तेव्हा एक वाट पोर्तुगीजकडं जाते आणि दुसरी गुजराती-मराठीकडं. मराठी म्हणजे आपलं टाकं. गडावर खडकात खोदलेलं असतं ते. तेव्हा पुढच्या वेळी गडावर टाक्यातलं पाणी प्यायलात तर हे नातं आठवा.

हं. तर ही यंत्रं 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर पहिल्यांदा लढली. युद्ध संपलं आणि प्रश्न आला की आता यांचं करायचं काय? ब्रिटनमध्ये अडीचशेहून जास्त रणगाडे गावोगावी भेट म्हणून वाटले गेले. ज्या गावांनी युद्धासाठी बचतपत्रं घेऊन पैसा उभा केला होता, त्यांचा तो सन्मान. चौकात, बागेत, नगरपालिकेसमोर वाजतगाजत त्यांची स्थापना झाली, भाषणं झाली. आणि मग वीस वर्षांत काय झालं? मुलं आत शिरायची, पाणी साचायचं, गंज धरला. ज्यांच्या घरची माणसं युद्धात गेली होती त्यांना ती वस्तू रोज डोळ्यांसमोर नकोशी झाली. एकेक करत नगरपालिकांनी ते भंगारात काढले. जे वाचले त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या लोखंडाच्या टंचाईनं गिळलं. इतक्या रणगाड्यांतला आज आपल्या जागेवर उभा आहे तो एकच, केंट परगण्यातल्या ॲशफर्ड गावातला. तो का वाचला, तर 1929 मध्ये गावानं त्याच्या पोटातलं सगळं काढून तिथं विजेचं सबस्टेशन बसवलं. 1968 पर्यंत ते त्यात होतं. उपयोगाची वस्तू म्हणून कोणी हात लावला नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. सन्मानानं चौकात ठेवलेले वितळले. आणि ज्यांना 'मारा याला' म्हणून माळावर टाकलं, त्यातले बरेच अजून उरलेत. कारण साधं आहे. चांदमारीच्या हद्दीत भंगारवाला जात नाही. जमिनीत न फुटलेले गोळे असतात. एक सांगाडा बाहेर काढायचा तर आधी बॉम्बनाशक पथक आणा, क्रेन आणा, रस्ता करा, आणि एवढं करून लोखंडाला भाव किती येणार? त्यापेक्षा राहू दे तिथंच. असं 'राहू दे तिथंच' करत करत पन्नास-साठ वर्षं निघून जातात आणि मग एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येतं की या जातीचे जगात दोनच उरलेत.

मी अतिशयोक्ती करत नाही. पडद्यावर जो दिसतोय त्याचं नाव 'टॉर्टॉइज', कासव. 1943 मध्ये ब्रिटननं याचा विचार सुरू केला. जर्मनीच्या सरहद्दीवरच्या तटबंद्या फोडायला एक असं काहीतरी हवं होतं की जे हळू चाललं तरी चालेल पण फुटता कामा नये. वजन सुमारे 79 टन. पुढच्या बाजूचं चिलखत जाड तिथं 228 मिलिमीटर, म्हणजे वीतभर पोलाद. त्याला फिरता मनोरा नाही, तोफ समोरच्या भिंतीतच बसवलेली. सात माणसांचं पथक. इंजिन 600 अश्वशक्तीचं, त्यामुळं वेग जेमतेम ताशी 19 किलोमीटर. पंचवीस बनवायचे ठरले होते. बनेपर्यंत युद्ध संपलं, मग सहाच बनवले. 1948 मध्ये जर्मनीत नेऊन चाचण्या घेतल्या. तोफ चांगली आहे असं ठरलं, पण 79 टनांची वस्तू न्यायची कशावरून? कुठला पूल ती पेलणार? कासव निवृत्त झालं.

सहापैकी एक आज दक्षिण इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे. 2011 मध्ये तो पुन्हा चालता केला, प्रेक्षकांसमोर फिरवतात, लोक टाळ्या वाजवतात. दुसरा स्कॉटलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, कर्कूब्री नावाच्या गावाजवळच्या लष्करी सराव क्षेत्रात पडून आहे. (लिहितात वेगळं, उच्चार असा करतात.) आत काही नाही, नुसता सांगाडा. बाकीचे वितळले. म्हणजे या जातीचे जगात दोन. एकाला छप्पर आणि टाळ्या, दुसऱ्याला समुद्राचा खारा वारा.

सरकारला एवढी मोठी वस्तू हरवता येते का? येते. अमेरिकेनं असाच एक अजस्र रणगाडा बनवला होता, टी-28, सुमारे 86 मेट्रिक टनांचा. दोनच नमुने बनले. एक चाचणीत जळाला आणि भंगारात गेला. दुसऱ्याचा पत्ता कोणालाच नव्हता. 1974 मध्ये तो व्हर्जिनियात फोर्ट बेल्व्हॉरच्या मागच्या एका शेतात सापडला. तो चांदमारीतला नव्हता, नुसता विसरलेला होता, पण तत्त्व तेच. आपल्याकडं सरकारी कपाटातली फाइल सापडत नाही म्हणून आपण उगाच वैतागतो. [हशा]

आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला खरा रस कशात आहे ते सांगतो. असा सांगाडा समोर आला तर तो वाचायचा कसा? माणूस म्हणतो, भोकं बघा, भोकं युद्धाची गोष्ट सांगतील. इथंच फसायला होतं.

चिलखताला पडलेलं प्रत्येक भोक वेगळं असतं. भरीव गोळा आरपार गेला की बाहेरून गोल, बऱ्यापैकी स्वच्छ भोक दिसतं आणि आतल्या बाजूला पोलाद पाकळ्यांसारखं उलटलेलं असतं. पोकळ स्फोटकाचा गोळा असेल तर भोक अगदी लहान, कधी बोट जेमतेम जाईल एवढं, आणि भोवती वितळल्यासारखे शिंतोडे. ब्रिटिशांचा आवडता एक प्रकार आहे, त्यात गोळा चिलखतावर शेणाच्या गोळ्यासारखा चपटा होतो आणि मग फुटतो. बाहेरून नुसता डाग दिसतो. आत मात्र पोलादाची खपली सुटून गोळीसारखी उडते. तुम्ही बाहेरून बघाल आणि म्हणाल, काही झालं नाही. आतला माणूस मेलेला असतो.

आणि एक प्रकार आहे तो कालगणनेला फार उपयोगी. हल्लीचे रणगाडे लांब, बारीक धातूचा बाण मारतात, मागं पंख असलेला. हा बाण चिलखतात शिरताना मधलं भोक पाडतोच, शिवाय पंखांच्या खुणा भोवती उमटतात. चांदणीसारखी आकृती दिसते. असे बाण युद्धनौबतीत रुळले ते दुसऱ्या महायुद्धानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा 1944 च्या रणगाड्यावर चांदणी दिसली तर ती नॉर्मंडीत पडलेली नाही. ती शांततेच्या काळात, कुठल्यातरी मंगळवारी सकाळी, एखाद्या विशीतल्या पोरानं सराव करताना पाडलेली आहे.

साध्या गोल भोकाचं काय करायचं? ते युद्धातलंही असू शकतं, सरावातलंही. समजा एक रणगाडा खरोखर लढला, मार खाल्ला, दुरुस्त झाला, निवृत्त झाला आणि मग चांदमारीत गेला. आता त्याच्या अंगावर दोन आयुष्यांचे घाव आहेत, एकमेकांवर लिहिल्यासारखे. ताम्रपट खरवडून त्यावर दुसरं दान कोरावं तसं. मग संग्रहालयात तो आणला जातो, लोक भोकात बोट घालतात आणि फोटो काढतात. खाली पाटी नसेल तर मनात ठरलेलंच असतं की हे शत्रूनं पाडलेलं. पुष्कळदा ते आपल्याच लोकांनी पाडलेलं असतं. संग्रहालयांनी पाटीवर हे लिहायला हवं असं माझं मत आहे. फार कमी लिहितात. वीरश्री कमी होते ना.

रणगाड्याची ओळख टिकते ती कशानं? नंबरानं. याचं आपल्या जवळचं उदाहरण नगरला आहे, आता अहिल्यानगर. तिथं चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. 'फामागुस्ता' नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा तिथं जपून ठेवलाय. 16 डिसेंबर 1971 ला शकरगढ क्षेत्रात बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. वय एकवीस. रणगाड्यानं पेट घेतला तरी त्यांनी तो सोडला नाही आणि तिथंच ते गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांची रेजिमेंट पूना हॉर्स, 1817 मध्ये आपल्या पुण्यात उभी राहिलेली. युद्धानंतर हा रणगाडा दुरुस्त केला गेला. का? कारण त्याचं नाव माहीत होतं, नंबर माहीत होता, आत कोण होतं ते माहीत होतं. त्याच जातीचे शेकडो सेंच्युरियन जगभरच्या चांदमाऱ्यांत गेले. त्यांच्यातही कोणी बसलं असेल, कोणी भाजलं असेल. नंबराचा रंग उडाला, कागद हरवले, आणि रणगाड्याचं नुसतं लक्ष्य झालं.

सेंच्युरियनवरून आठवलं, कारण एक सेंच्युरियन असाही आहे की जो लक्ष्य म्हणून ठेवला आणि परत आला. 15 ऑक्टोबर 1953, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं एमू फील्ड नावाचं वाळवंट. ब्रिटिशांनी तिथं अणुचाचणी केली. स्फोटाच्या जागेपासून पाचशे यार्डांच्या आत ऑस्ट्रेलियन सैन्याचा एक सेंच्युरियन उभा केला. इंजिन चालू, आत दारूगोळा भरलेला. स्फोटानंतर जाऊन बघतात तर तो दीडेक मीटर मागं सरकलेला, बाजूचे पत्रे उडून गेलेले, काचा वाळूनं घासून निघालेल्या. इंजिन बंद पडलं होतं, पण ते इंधन संपल्यामुळं! तो चालवत बाहेर काढला. पुढं हाच रणगाडा व्हिएतनाममध्ये लढला, आणि आता डार्विनजवळ लष्करी तळावर प्रदर्शनात आहे. 'ॲटॉमिक टँक' म्हणतात त्याला.

ही गोष्ट सगळे आवडीनं सांगतात, मीही आत्ता सांगितली. पण त्याच सकाळची दुसरी गोष्ट आहे. स्फोटाचा धूर वाऱ्याबरोबर वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांवर गेला. लोकांनी तो काळा ढग पाहिला, माणसं आजारी पडली. त्यांचं म्हणणं नोंदवून घ्यायला तीस वर्षं लागली. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशननं आपला अहवाल दिला आणि त्या दिवशीच्या वाऱ्यात तो स्फोट करायला नको होता असा निष्कर्ष काढला. रणगाड्याचं काय झालं याची मोजमापं मात्र त्याच आठवड्यात घेऊन झाली होती.

मला वाटतं, चांदमारीतल्या रणगाड्याकडं बघताना नजर त्याच्या खाली न्यावी. तो कशावर उभा आहे? ती जमीन कोणाची होती?

बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाजवळच लल्वर्थची चांदमारी आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथं रणगाड्यांचे तोफची शिकतात. या हद्दीत टाइनम नावाचं एक गाव होतं. डिसेंबर 1943 मध्ये, नाताळच्या तोंडावर, सव्वादोनशे माणसांना गाव सोडायला सांगितलं. सरावाला जागा कमी पडत होती. युद्ध संपलं की परत या, असं लोकांनी समजून घेतलं होतं. 1948 मध्ये सरकारनं जमीन कायमची संपादन केली. कोणी परतलं नाही. आज शनिवार-रविवारी ते पडकं गाव बघायला सोडतात. पायवाट सोडू नका अशा पाट्या आहेत, आणि टेकडीच्या उतारावर गंजलेले रणगाडे दिसतात. लोक डबा घेऊन जातात. चर्च आणि शाळा नीट ठेवलीय. घरांना छपरं नाहीत.

स्कॉटलंडच्या त्या कासवाचा माळ घ्या. तोही 1942 मध्ये युरोपवरच्या स्वारीच्या तयारीसाठी लष्करानं घेतला, आणि तो लष्कराकडंच राहिला. 1982 पासून तिथून युरेनियमचे गोळे झाडून बघितले. कापडी निशाणातून आरपार जाऊन ते पुढं समुद्रात पडत. मासेमारीचा समुद्र आहे तो. हजारो गोळे गेले. तेव्हा 'तो दुर्मीळ रणगाडा तिथून उचलून आणा की' असं म्हणणं सोपं आहे. जुन्या सांगाड्यांत ॲस्बेस्टॉस असतं, अंधारात दिसाव्यात म्हणून जुन्या काट्यांना लावलेलं रेडियम असतं, आणि भोवतालच्या मातीत काय काय आहे त्याचा हिशेब वेगळाच.

आणि एक जागा अशी आहे की जिथं लोकांनी रणगाडाच ताब्यात घेतला. कॅरिबियन समुद्रात पोर्टो रिकोच्या शेजारी कुलेब्रा नावाचं चिमुकलं बेट आहे. 1939 पासून अमेरिकन नौदल तिथं तोफांचा आणि बॉम्बफेकीचा सराव करायचं. बेटावर माणसं राहत होती, हे लक्षात घ्या. 1971 मध्ये आंदोलन झालं, लोक सरळ चांदमारीच्या किनाऱ्यावर जाऊन बसले. पोर्टो रिकोच्या स्वातंत्र्य पक्षाचे नेते रुबेन बेरिओस यांना तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला. शेवटी 1975 मध्ये नौदलानं सराव थांबवला. जाताना फ्लॅमेंको नावाच्या अतिशय सुंदर किनाऱ्यावर लक्ष्य म्हणून आणलेले दोन शेरमन रणगाडे तसेच सोडून गेले. बेटावरच्या लोकांनी ते रंगवले. वारा-पाण्यानं रंग गेला की पुन्हा रंगवतात, नवा रंग, नवी चित्रं. हेच शेरमन आपल्याकडं 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्सकडं होते आणि त्यांनी पॅटनशी टक्कर दिली. इथं त्यांचं स्मारक झालं. तिथं त्यांच्यावर पोरं ओला टॉवेल वाळत घालतात. मला दोन्ही आवडतं.

आता घराजवळ येतो. नगरजवळची के. के. रेंज तुम्ही ऐकली असेल. के. के. म्हणजे खारे कर्जुने, गावाचं नाव आहे. नगर, पारनेर, राहुरी या तीन तालुक्यांतल्या गावांना तिचा शेजार आहे. 22 सप्टेंबर 2020 ला तिथंच अर्जुन रणगाड्यावरून लेसरच्या मदतीनं जाणारं क्षेपणास्त्र सोडून तीन किलोमीटरवरचं लक्ष्य उडवलं, ती बातमी सगळीकडं आली होती. त्या भागात राहणाऱ्यांना बातमी वाचायची गरज नसते, खिडकीची तावदानंच सांगतात. अशा रेंजसाठी 1938 चा कायदा आहे. इंग्रजांचा आहे, अजून चालतो. सरकार क्षेत्र अधिसूचित करतं, ठरलेल्या दिवशी लोकांनी धोक्याच्या हद्दीबाहेर राहायचं, पिकाचं-मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई मागायची. लष्कराला सराव लागतोच, त्याबद्दल माझा वाद नाही. सराव न केलेलं सैन्य लढाईत पाठवणं हा गुन्हा आहे. पण जमीन आणखी घेणार अशी चर्चा उठली की त्या तीन तालुक्यांत सभा भरतात, निवेदनं जातात. तिथल्या माणसाला टाइनमचं नाव माहीत नसेल, भीती तीच आहे.

त्या बाजूच्या एका गृहस्थांशी काही वर्षांपूर्वी एका लग्नात गप्पा झाल्या. लहानपणी फायरिंग थांबलं की पोरं हद्दीत शिरायची, रिकाम्या पुंगळ्या आणि पितळेचे तुकडे वेचायची. भंगारवाला किलोवर घ्यायचा. "वह्या-पुस्तकं त्याच पैशातून," असं ते अगदी सहज म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्यातला एक गेला." न फुटलेला गोळा हातात आला होता. अशा बातम्या नगरच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून असतात, आतल्या पानावर, चार ओळींच्या. मी त्यांना विचारलं, तिथं जुने रणगाडे दिसायचे का? ते म्हणाले, "दिसायचे की. पण त्यांच्याकडं कोण बघतंय, आमची नजर खाली असायची."

नगरचं रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये सुरू झालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर जा. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, चर्चिल आहे, व्हॅलेंटाइन आहे, जपानी रणगाडे आहेत. तिथं उभे असाल तेव्हा लांबून एखादा दणका ऐकू आला, तर तो के. के. रेंजचा.

प्रश्न घेऊया. मागं कोणाचा तरी हात वर आहे.